उजव्या खांद्यावरचा पदर

"ताई, आई परत आलीय," भरत फोनवर म्हणाला आणि हवालदार नसीम शेखच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याच्या आईला, सरूबाईंना, जाऊन महिना झाला होता.

महाळुंगे पडवळ गावच्या सरूबाईंचा कांदा-लसूण मसाला मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे पार मुंबईपर्यंत जायचा. परवा त्याच खात्यावर नवा व्हिडिओ आला. अंधाऱ्या स्वयंपाकघरात सरूबाई खलबत्त्यात लसूण ठेचत होत्या. पदर उजव्या खांद्यावर, बत्ता डाव्या हातात. "चव तर घ्या राव," म्हणत त्या हसल्या आणि गावाची पाचावर धारण बसली. भुताचं सगळं उलटं असतं, हे काय कुणाला सांगावं लागतं?

नसीम पोहोचली तेव्हा भरतचे वडील, धर्माजी, चुलीपाशी दोन ताटं वाढून बसले होते. मागचं दार सताड उघडं होतं.

"काका, जेवून घ्या."

"ती येऊ दे. मंग जेवतो."

"परवापासून पाण्याबिगर काय न्हाई पोटात," भरत कुजबुजला.

नसीमचा जीव कळवळला. भूत असो की माणूस, त्याला शोधल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"व्हिडिओ टाकायचा, ऑर्डरी घ्यायचा फोन कुणाकडं असतो?"

भरतची बायको हर्षाली पुढं झाली. "आत्याबाई गेल्या तवापासून कपाटात हाय. भ्या वाटतं. मी हातबी लावला न्हाई."

"आणि तुम्ही, भरतभाऊ?"

"मी टोमॅटो घिऊन नारायणगावच्या बाजारात असतो. त्यातलं मला काय कळतंय?"

ओसरीवर मसाल्याची पार्सलं कुरिअरची वाट बघत होती. पत्त्यांची शाई ताजी होती. नसीमनं चुलीसमोर उभं राहून व्हिडिओ पुन्हा पाहिला. चुलीच्या डावीकडची खिडकी त्यात उजवीकडं होती.

तिनं सगळ्यांना बसवलं.

"भूत पदर उलटा घेईलही. पण भिंतीतली खिडकी कशी हलवील? हा जुनाच व्हिडिओ आहे, आरशात दिसावा तसा फिरवलेला. जुनं तसंच टाकलं तर कोण बघतंय? फिरवलं की नवं वाटतं. आणि हर्षाली, ऑर्डरी त्या फोनवरच येतात. फोन कपाटात, मग ही पार्सलं कुठली?"

हर्षालीला हुंदका फुटला. "त्या गेल्या अन् ऑर्डरी बंद पडल्या. मी माझे व्हिडिओ टाकले, कुणी ढुंकून बघंना, म्हून काढून टाकले. मसाला त्योच व्हता, ताई. लोक आत्याबाईंना बघून घेत व्हते."

मग धर्माजींनी हात पुढं केला. "सरळ करून दाव."

हर्षालीनं व्हिडिओ फिरवला. डाव्या खांद्यावर पदर घेऊन सरूबाई हसल्या. म्हाताऱ्यानं तो शेवटपर्यंत पाहिला. उठून मागचं दार लावलं, कडी घातली. दुसरं ताट बाजूला सारलं आणि रडत रडत पहिला घास घेतला.