उतारावरची दुसरी पावलं

धुकं इतकं खाली आलं होतं की दुकानाची पाटी दुकानातूनच दिसेना. आता कोण कडमडायला येतंय, असं पुटपुटत तिनं शटरला हात घातला, आणि नेमका तेव्हाच तो वाकून आत शिरला. केस ओले, पाठीला सॅक, आणि चेहरा असा, की जणू कोणीतरी मागे लागलंय.

"डोंगरावर पळायचे शूज हवेत," तो धापा टाकत म्हणाला. "सगळ्यात हलके. सगळ्यात वेगवान."

"वेग शूजमध्ये नसतो हो, पायात असतो. बसा. मोजे काढा."

डोंगराच्या पायथ्याचं हे दुकान तिच्या मामाचं. मामा गल्ल्यावर बसून पेंगायचा आणि गिऱ्हाइकांचे पाय बघायचं काम तिचं. दुकानाची एक रीत होती. आतल्या खोलीत लाकडी उतार केलेला होता, त्यावर चाळलेली ओलसर माती. गिऱ्हाइकानं त्यावरून अनवाणी पळत उतरायचं. पाय कुठे जोर देतो, टाच कुठे सरकते, ते मातीत उमटायचं आणि त्यावरून ती शूज ठरवायची. चढताना कुठलेही चालतात, खरी गंमत उतरताना कळते, हे ती प्रत्येकाला न चुकता ऐकवायची.

"नखं बघा, काळीठिक्कर पडलीत!" ती त्याच्या पायाशी बसली होती. "उतारावर बोटं पुढे आपटतात. अंगठ्याएवढी जागा हवी समोर. करता काय तुम्ही?"

"हवामान खात्यात आहे. वरच्या खिंडीत आमची यंत्रं आहेत, ती दर आठवड्याला तपासून यायचं."

"म्हणजे आज लख्ख ऊन पडणार, असं सांगणारे तुम्हीच?"

"ते दुसरे. मी फक्त भिजतो."

तो हसला. हसताना त्याची भीती क्षणभर कुठेतरी गेली, आणि तिला वाटलं... काही नाही, उगाचच काहीतरी वाटलं.

मग तो उतारावरून पळाला. ती बॅटरी घेऊन मातीवर वाकली आणि वाकलेलीच राहिली. त्याच्या पावलांच्या जरा मागे आणखी पावलं होती. लहान, बूट घातलेली, सोल पार गुळगुळीत झालेला. माती तर तिनं आत्ताच सारखी केली होती, आणि खोलीत त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"दिसली ना?" तो हळूच म्हणाला. "म्हणूनच वेगवान हवेत."

वर्षभर हेच चाललं होतं. चढताना काही नाही. उतरू लागला की मागे कोणीतरी पळू लागायचं. वळून बघावं तर नुसतं धुकं. खिंडीखालच्या वळणावर एक निसरडा कातळ होता, तिथे पावलं थांबायची. एकदम थांबायची.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण सवयीनं तिची नजर त्या ठशांवर फिरतच होती. "बाई आहे," ती म्हणाली. "चांगलीच मागे लागलीय तुमच्या."

"जळताय की काय?"

"मी? ओळख अर्ध्या तासाची, आणि जळू कशाला?" पण तिचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी तिनं त्याला एक जोड घालून बघायला लावला, पण बसत नाही म्हणून दिलाच नाही. पुन्हा एकदा ठसे बघते, उद्या या, म्हणाली. उद्याचा परवा झाला. कधी टाच सैल, कधी लेस नीट नाही. मामानं एकदा डोळे किलकिले केले. "अगं, याला शूज विकायचेत की नुसतंच उतरवत ठेवायचंय?"

आणि एका दुपारी तिच्या लक्षात आलं. त्या ठशांमधलं डावं पाऊल दरवेळी बाहेर वळलेलं होतं. डावा पाय सरळ टाक गं, म्हणून आई लहानपणापासून तिच्यामागे लागायची. तिनं आपल्या पायातल्या, दुकानात घालायच्या जुन्या झिजलेल्या बुटांकडे पाहिलं. मग श्वास रोखून त्या ठशाशेजारी पाय ठेवला आणि उचलला.

दोन्ही ठसे एकाच पायाचे होते.

"तुम्ही कधी वर गेलाय?" त्यानं विचारलं.

"आयुष्यात नाही. म्हणजे हे अजून घडायचंय... त्या कातळाखाली काय आहे?"

"दरी." त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. "तुम्ही वर यायचं नाही. माझ्यामागे जन्मभर पावलं वाजली तरी चालतील. तुम्ही इथे... ह्या स्टुलावर, जिवंत बसलेल्या हव्यात मला."

इतकं गोड तिला कोणी कधी म्हटलं नव्हतं, आणि इतकं भयंकरही. पण त्याचा सोललेला गुडघा तिला दिसत होता.

"तुम्ही दर आठवड्याला माझ्यापासून पळताय," ती म्हणाली. "एक दिवस पळता पळताच घसराल. मग मी स्टुलावर बसून काय करू? आणि बघा, ती हे झिजलेले बूट घालून गेलीय. मी अशी जाणार नाही."

त्या संध्याकाळी ती स्वतःच गिऱ्हाईक झाली. संध्याकाळी पाय जरा सुजलेले असतात, तेव्हाच माप खरं लागतं. या वेळी तो गुडघे टेकून बसला, बोटांपुढे अंगठा दाबून जागा बघू लागला. खोल खाचांचा एक जोड तिनं बाजूला सारला. चिखलात तो उत्तम, पण ओल्या कातळाला मऊ, चिकटून धरणारं रबर लागतं. एकाची टाच सरकली. शेवटी पाय नीट बसला तो मोहरीच्या रंगाच्या, कमालीच्या कुरूप जोडात.

"रंग भयानक आहे," तो म्हणाला.

"दरीत शोधायला सोपं जाईल."

"गप्प बसा!" तो इतक्या जोरात ओरडला की बाहेर मामा जागा झाला.

पुढच्या फेरीला ती त्याच्याबरोबर वर गेली. खिंडीत त्यानं यंत्रं तपासली, आणि दोघं उतरू लागली. धुकं होतंच. थोड्याच वेळात मागे ती पावलं वाजू लागली. तिनं आपलीच चाल ओळखली.

"पळायचं नाही," ती पुटपुटली. "हात द्या."

कातळ आला. तिचा डावा पाय सवयीनं बाहेर पडला, किंचित सरकला... आणि रबरानं कातळ धरला. दोघं पलीकडे पोचली. मागची पावलं जवळ आली, कातळावर चढली. खर्रकन आवाज झाला. मग दगड घरंगळत गेले, खाली, आणखी खाली, आणि सगळं शांत झालं.

त्यानं तिला जवळ घेतलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "पहिल्या दिवशी घातलेलाच जोड मला नीट बसला होता."

"माहीत आहे. मीच बसत नाही म्हणाले होते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती तुम्हाला धरायला येत नव्हती हो. थांबा, थांबा म्हणत होती. तुम्ही पुढे पळत होतात, आणि ती त्या बुटांवर धावत होती."

त्यानं मागे त्या वळणाकडे पाहिलं. "मी थांबायला हवं होतं."

"आज थांबलात ना."

मग तिचा हात न सोडता त्यानं आपली चाल तिच्या चालीला जुळवली, आणि दोघं सावकाश खाली उतरू लागली.