हजेरीची ठोक

तो फोटो जरा इकडे दाखव. मोठा कर. हां, हेच ते चित्र. दुपारी तुम्ही तिघं याच्यापुढे दात काढून उभे राहिलात ना, त्याचीच गोष्ट आहे. चित्रात माणसं किती दिसतात? सहा. बरोबर, लक्षात ठेव. आता मोबाईल खाली ठेवा आणि मधे मधे खिदळू नका. हे माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय, तुझ्या काकूच्या सख्ख्या भावाच्या. माणूस अजून धडधाकट आहे. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा.

गेल्या वर्षीची सतरा जानेवारी, शुक्रवार. मेहुणा आमच्याकडे जेवला आणि पावणेनऊला निघाला. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा, पण जुन्या चित्रांची डागडुजीही छान करतो. पोलाद कारखान्यातून निरोप आला होता, की मोठ्या चित्रावर एक डाग उठलाय, सकाळच्या आत बुजवून द्या. सकाळी दहाला त्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. सायकलच्या कॅरियरला रंगांची पेटी बांधली आणि जाता जाता बहिणीला म्हणाला, "ताई, तासाभराचं काम आहे. कडी लावू नकोस."

हे दालन म्हणजे काय, तर आमची जुनी भट्टी. मी तिथे एकतीस वर्षं काढली. भट्टी पाडली, खालचा खड्डा बुजवला, वर गुळगुळीत फरशी घातली आणि भिंतींवर कारखान्याची जुनी चित्रं टांगली. घामाने निथळणारी माणसं, ज्वाळा, धूर... बघणारे म्हणतात, वा, काय रंग आहेत! रंग म्हणे! अरे, त्या रंगांनी आमच्या भुवया जळायच्या.

बरं, नाही चिडत. ऐका.

सगळ्यात मोठं चित्र तेव्हा बेचाळीस वर्षांचं झालं होतं. एक चित्रकार महिनाभर भट्टीसमोर स्टूल टाकून बसला आणि दिसलं ते त्याने काढलं. माणसं सात. सहा कायमची आणि एक बदली. बदली म्हणजे आज काम आहे तर या, उद्याचं उद्या बघू. त्या पोराला सगळे लंबू म्हणायचे. नावाला बदली, पण दीड वर्ष रोज भट्टीवर, तेही सगळ्यात घाणेरड्या कामाला. चित्र पुरं झालं तेव्हा चित्रकाराने सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून ते दाखवलं. लंबूची बायको कडेवर पोर घेऊन आली होती. नवऱ्याला चित्रात बघून अशी लाजली, की किती वेळ मान वर करेना.

आता भट्टीवरचा एक रिवाज सांगतो, तो नीट ऐका. भट्टीचं तोंड उघडलं की वितळलेलं पोलाद पन्हळीतून खाली धावतं. खालच्या खड्ड्यात कोणी राहिलं, तर त्याचं काही सापडतसुद्धा नाही. म्हणून तोंड उघडण्याआधी हातोडीवाला टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तीन ठोके घालायचा. ठण, ठण, ठण. मग बाकीचे पाच जण आपापल्या जागी हातातलं अवजार एकेकदा आपटायचे. पाच उत्तरं आली म्हणजे सगळे वर आहेत. याला म्हणायचे हजेरीची ठोक.

बदलीला ठोक नव्हती. का? तर म्हणे बदली माणूस रोज वेगळा, त्याला कुठे मोजत बसायचं! दीड वर्ष तोच माणूस डोळ्यांसमोर घाम गाळतोय आणि यांना तो दिसतच नाही!

चित्र पुरं होऊन नऊ दिवस झाले होते. रात्रपाळी. लंबू मळी, म्हणजे पोलादाचा थिजलेला गाळ, खरवडायला खड्ड्यात उतरला होता. हातोडीवाल्याने तीन ठोके घातले. पाच उत्तरं आली. त्याने हात वर करून इशारा दिला आणि भट्टीचं तोंड उघडलं.

...

पाणी दे जरा.

कारखान्याने काय लिहिलं माहितीये? हा माणूस भट्टीवर कामालाच नव्हता. दारू पिऊन आपणहून खड्ड्यात शिरला. लंबू! ज्याने जन्मात थेंब चाखला नव्हता! सहाही जणांना ऑफिसात बोलावलं, पुढे कागद सरकवला आणि सहाही जणांनी मुकाट सह्या केल्या. नोकरी जाईल म्हणून. शेण खाल्लं सगळ्यांनी. त्याची बायको गळा काढून सांगत होती, "मी त्याला चित्रात बघितलंय. हातात पहार घेऊन भट्टीपुढे उभा आहे." साहेब म्हणाले, चला, बघूया. नेलं तिला. चित्रात सहा माणसं. सातव्याच्या जागी धूर. नवा कोरा धूर! तिने बोट लावलं तर बोटाला ओला रंग आला. तरी वेडी तीच ठरली. बेचाळीस वर्षं वेडी ठरली ती बाई, आणि दारुड्याची बायको म्हणून जगली.

ते कडेवरचं पोर म्हणजे तिची मुलगी. मोठी झाली, शाळेत शिकवायला लागली आणि कारखान्याच्या हात धुऊन मागे लागली. नव्या दालनात कामावर मेलेल्यांच्या नावांचा दगड बसवणार होते. तिचं म्हणणं एवढंच, की माझ्या बापाचं नाव त्यावर घाला. आई थकलीय, तिने ते डोळ्यांनी बघावं. साहेब म्हणाले, पुरावा आणा. अरे, पुरावा तुम्हीच रंगवून टाकलात की!

तर मेहुणा तिथे पोचला. रखवालदाराने कुलूप काढून दिलं आणि चहा सांगतो म्हणून गेटावर गेला. मेहुण्याने दिवा लावला, चित्राजवळ स्टूल ओढलं, वर चढला आणि डाग बघितला. कसला डोंबलाचा डाग! धुरातून माणूस वर येत होता. तेलरंगाचं असं होतं, मेहुणा सांगतो. वरचा थर पातळ असला तर वर्षं जातील तसा विरळ होतो आणि खालचं दिसायला लागतं. त्यात भुताटकी काही नाही. खांदा दिसत होता, पहार दिसत होती, अर्धं तोंड दिसत होतं. मेहुण्याला सगळी हकिगत माहीत होती. काम टाकून यावं असं त्याच्या मनात आलं, पण हातावरचं पोट, साहेबाला नाही म्हणायची छाती होईना. त्याने राखाडी रंग कालवला. ब्रश बुडवला...

ठण. ठण. ठण.

रुळाचा आवाज. तिथे रूळ नाही. तो केव्हाच भंगारात गेलाय.

मेहुण्याला वाटलं, रखवालदार असेल. "आला का हो चहा?" म्हणून ओरडला. घड्याळ बघितलं. नऊ पस्तीस.

मग एक ठोका. समोरून. चित्रातून... दोन. तीन. चार. पाच.

आणि शांत.

रिवाज त्याला ठाऊक होता, माझ्याकडूनच ऐकलेला. पाच आले. म्हणजे सगळे वर. म्हणजे आता उघडणार... जानेवारीच्या थंडीत त्याला घाम फुटला. समोरून झळ यायला लागली. त्याला वाटलं, चटकन दोन हात मारावे आणि निघावं. ब्रश चित्राकडे नेला.

ठक.

खालून. फरशीच्या खालून. बारीक.

हात थांबला. ठोकाही थांबला.

पुन्हा ब्रश नेला. पुन्हा ठक. या वेळी बरोबर स्टुलाखाली. स्टूल हललं.

"कोण आहे?"

...

"लंबू...?"

ठोके सुरू झाले. एकामागून एक. घाईघाईने. वरच्यांना ऐकू जावं म्हणून कोणी जिवाच्या आकांताने वाजवावं तसे.

दिवा गेला.

अंधार झाला नाही. चित्र लाल झालं होतं.

...

दहा वाजून दहा मिनिटांनी मेहुणा माझ्या दारात उभा होता. पायात एकच चप्पल. पेटी तिकडे, सायकल तिकडे. उजव्या गालावर भाजल्याचा चट्टा. ब्रश अजून मुठीत, आणि त्याचे केस जळून खुंट राहिलेला. तुझ्या काकूने त्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. बऱ्याच वेळाने एवढंच बोलला, "भावोजी, तो ठोकत होता हो. म्हणजे त्या रात्रीपण ठोकत असणार."

मला काही झोप लागली नाही. मेहुण्याने ते वाक्य बोलायला नको होतं.

सकाळी दहाला मी दालनात गेलो. साहेब लोक, फोटोवाले, खुर्च्या, भाषणं. लंबूची मुलगी आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती. गेटावर अडवलं तिला, तर म्हणाली, "हात लावून दाखवा." नाही लावला कुणी. आणि ती खुर्ची चित्रासमोर आली तेव्हा सगळ्यांचे डोळे चित्राकडे गेले.

चित्रात लंबू उभा होता. लख्ख. पहारीसकट. धुराचा मागमूस नाही.

साहेबाचं तोंड पांढरं पडलं, पण खोड जाते होय? बोटाने माणसं मोजली आणि म्हणाला, "सहाच आहेत. पहिल्यापासून सहाच होती." बाकीचे नंदीबैलासारखे माना हलवायला लागले. असा संताप आला मला, की वाटलं त्या साहेबाची मुंडी धरून चित्रावर आपटावी.

म्हातारी कुणाचंच ऐकत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. "आहे ना," म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" मग डोळे पुसून पुन्हा नीट बघितलं आणि मुलीला विचारलं, "पण तो हातोडीवाला कुठे गेला गं? डावीकडे, रुळापाशी उभा होता."

तिथे धूर होता.

हातोडीवाला तिच्या खुर्चीमागेच उभा होता. तोंडात मारल्यासारखा. अरे, असे बघू नका माझ्याकडे. हो, मीच. चोवीस वर्षांचा होतो. तीन ठोके मी घातले, इशारा मी दिला, आणि सही करणाऱ्यांत पहिला मी.

पुढे जाऊन तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं. लंबू कामावर होता. शुद्धीत होता. आणि त्या रात्री पाच ठोक्यांनंतर सहावा ठोका आला होता. खालून. मी तो ऐकला होता. या कानांनी ऐकला होता. पण पाच मोजायची सवय, पाच आले की झालं... म्हटलं, असेल काहीतरी.

साहेब म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरू दे. मी मुलीला कागदावर लिहून दिलं, सही केली. पाच महिने फेऱ्या मारल्या तिच्याबरोबर, साहेबांच्या दारात घसा बसेपर्यंत ओरडलो. दगडावरची शेवटची ओळ नव्या अक्षरांत आहे, उद्या वाचून या. म्हातारीने ती बोटांनी चाचपली होती. मला मात्र ती एक शब्द बोलली नाही. तिने का बोलावं?

मेहुण्याने नंतर दिवसाउजेडी तो डावीकडचा धूर नखाने खरवडून बघितला. ताजा नाही. कडकडीत वाळलेला, तडे गेलेला, जितकं चित्र जुनं तितकाच जुना. खाली कोणी नाही. नुसता कॅनव्हास.

कर तो फोटो मोठा. डावीकडे, रुळापाशी. धुरातून हातोडीचं टोक तेवढं बाहेर दिसतंय.