वाळू कोण सपाट करतं?

"टेबलाखाली तिघं मावणार नाहीत," शेपूट कुरकुरला.

"पोट आत घे, मावशील," सरपंच म्हणाली.

सुट्टीत मामाकडे आलेली ही बहीणभावंडं. बहीण सगळ्यांना कामाला लावायची म्हणून सरपंच, आणि भाऊ सतत तिच्या मागे म्हणून शेपूट. तिसरी पिटुकली, मामाची लेक. तिचे डोळे सकाळपासून भरलेले होते. बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतले तिचे मासे आज संध्याकाळी जाणार होते.

झालं होतं असं, की काही दिवस मासे सारखे वर येऊन धापा टाकत होते. "तूच त्यांना भरमसाट खायला घालतेस. ते कुजतं आणि बिचारे आजारी पडतात," असं म्हणत मामी पिटुकलीवर बरसली आणि मासे परत न्यायला तिने ते विकणाऱ्या मासेवाल्याला सरळ फोन लावला. पिटुकली तर चिमूटभरच खाणं टाकायची. पण ऐकतंय कोण?

सरपंचला मात्र भलतंच काहीतरी खटकलं होतं. ढोल्या नावाचा जाडा मासा सकाळभर तोंडाने वाळू उकरत बसायचा. दगडापाशी चांगला खड्डा पडायचा. पण दुपारची झोप काढून उठावं, तर वाळू पुन्हा सपाट. खड्डा काही आपोआप बुजत नाही. म्हणून आज झोपेला रजा देऊन तिघं टेबलाखाली बसली होती.

तेवढ्यात दार हळूच वाजलं. आला कोण, तर मामा! मामा गवंडी होता आणि सध्या त्याचं काम जवळच चाललं होतं. त्याने पिशवीतून थापी काढली, नळाखाली स्वच्छ धुतली, बाही वर केली आणि हात टाकीत घातला.

"लबाडांनो, पुन्हा उकरलंत?" असं लाडाने म्हणत त्याने वाळू या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून काढली. एक डोळा मिटून पातळी बघितली आणि खूश होऊन निघून गेला.

शेपूट त्याच्या मागे धावणार, तोच सरपंचने त्याची कॉलर धरली. "आत्ता सांगितलं तर मामा हसण्यावारी नेईल. त्याच्याच तोंडून वदवून घेऊ."

संध्याकाळी चहाच्या वेळी ती मामाशेजारी जाऊन बसली.

"मामा, जमीन करताना माती एवढी ठोकतोस कशाला?"

"घट्ट बसायला. खाली हवेला जागा राहता कामा नये." कामाचा विषय निघाल्यावर मामा खुलला.

"आणि त्या घट्ट मातीखाली घाण अडकली तर?"

"तिथेच कुजणार. जाईल कुठे?"

"मग टाकीतल्या वाळूखाली?"

मामाचा कप ओठांपाशीच थांबला.

तेवढ्यात मासेवाला आला. त्याने टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात मासे सोडले. सरपंचने त्याला जरा थांबायला सांगितलं आणि कोपऱ्यातल्या वाळूत पेन्सिल खुपसली. खालून काळीकुट्ट वाळू निघाली, बुडबुडे वर आले आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. मामीने नाक दाबलं.

"अशी ठोकलेली वाळू मी उभ्या जन्मात पाहिली नाही," मासेवाला म्हणाला. "हिच्यात मासे आजारी पडले नाहीत तरच नवल."

"मी ठोकली," मामा खाली मान घालून म्हणाला. "पोरीची टाकी नीटनेटकी दिसावी म्हणून. उंचसखल काही दिसलं की माझे हात शिवशिवतात."

मामीने पिटुकलीला जवळ ओढलं. "चुकलं गं माझं. उगाच तुला बोलले. मासे कुठेही जाणार नाहीत."

मग मासेवाल्याने रीत दाखवली. वाळू बोटांनी थोडी थोडी हलवायची, नळी तिच्या जरा वर धरायची आणि वर येईल तेवढीच घाण ओढून घ्यायची. मामाने नळी धरली, पिटुकलीने वाळू हलवली. घाण पाण्याची बादली शेपटाकडे होती, त्यामुळे त्याची चड्डी चिंब झाली. शेवटी मामीने पिंपात साठवलेलं पाणी हळूहळू टाकीत ओतलं.

"पोरांनो, डोकं चालतं हं तुमचं," मासेवाला जाताना म्हणाला. "रिकाम्या हाताने चाललोय, पण खुशीत चाललोय."

मासे पुन्हा टाकीत गेले. धापा थांबल्या. थोड्या वेळाने ढोल्या तळाशी उतरला आणि वाळू उकरू लागला. मामाचा हात नकळत थापीच्या पिशवीकडे गेला. पिटुकलीने त्यावर आपला इवलासा हात ठेवला.

"राहू दे ना, बाबा. घर त्यांचं आहे."

मामाने तिला मांडीवर घेतलं आणि दोघं तो खड्डा मोठा होताना बघत बसली.