समोरचं बटण

दुपारचे सव्वादोन झाले असतील. इस्पितळाच्या तळघरातल्या सर्व्हर खोलीत एका मशीनची केबल बदलायची होती. दहा मिनिटांचं काम. ते माझ्याच वाट्याला आलं, आणि मी एकटाच गेलो.

या मशीनच्या तोंडावर दोन बटणं शेजारी शेजारी असतात. एक बंद-चालू करायचं, त्याच्यावर हिरवा दिवा. दुसरं ओळखीचं. ते दाबलं की मशीनच्या पुढे-मागे निळा दिवा लागतो, म्हणजे मागच्या वायरींच्या जंजाळात शोधणाऱ्याला आपलं मशीन सापडतं.

दोन वर्षांपूर्वी याच मशीनच्या मागे मास्तर होते, पुढे मी. मास्तर म्हणजे माझे वरिष्ठ, हे काम त्यांनीच मला शिकवलेलं. "बाळा, निळा लाव," ते मागून म्हणाले. मी फोनवर हसत बोलत होतो. न बघता शेजारचं बटण दाबलं, निळा लागेना, म्हणून दाबूनच धरलं. चार सेकंदांनी हिरवा विझला. चाळीस मिनिटं सगळ्या वॉर्डांतल्या संगणकांचे पडदे काळे.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "पुढे कोण होतं?"

मी म्हणालो, "मास्तर."

शेजारी उभ्या मास्तरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. निवृत्तीला सात महिने उरले असताना त्यांना काढलं. वर्षभरात ते गेले. मी भेटायलाही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

तर त्या दुपारी मी निळा लावून मागे गेलो. पंख्यांची घरघर, गरम हवा, तापलेल्या प्लास्टिकचा वास. केबलला हात घातला आणि निळा विझला. पुन्हा लागला... पुन्हा विझला.

पुढून कुणीतरी दाबत होतं.

"कोण आहे?"

मी वळसा घालून पुढे आलो. कुणीच नव्हतं. पण हिरव्या दिव्याचं बटण... माझ्या डोळ्यांदेखत ते आत जात होतं. हळूहळू, बोटाखाली जावं तसं. आत गेलं आणि तिथेच राहिलं.

एक सेकंद. वर वॉर्डांत आजारी माणसं होती, त्यांचे रिपोर्ट या डब्यात.

दोन...

"मास्तर, मी दाबलं होतं! मी खोटं बोललो!"

तीन...

"वरच्या माणसांना शिक्षा नको... मला द्या..."

बटण टक्कन बाहेर आलं. हिरवा तसाच जळत होता. केबल तशीच टाकून मी पळालो, तो थेट मास्तरांच्या घरी.

काकूंनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाले, त्याचं बाळ दोन महिन्यांचं आहे, त्याची नोकरी राहू दे." मग दार पूर्ण उघडत, "वाट मात्र बघायचे तुमची."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग कार्डाने उघडणाऱ्या त्या खोलीच्या दाराची आदल्या दिवशीची नोंद पडद्यावर काढली.

"आत तू एकटाच गेलास ना?"

"हो."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. आत जाण्याची नोंद एकच होती. बाहेर पडण्याच्या दोन. दुसरी माझ्यानंतर अकरा मिनिटांनी, आणि तिथे कार्डाचा नंबर नव्हता.