उत्तरासाठी सोडलेली जागा

जानेवारी २००२. दिल्लीच्या द्वारकेतली आमची सोसायटी तेव्हा निम्मी रिकामीच होती. जिन्यात ओल्या सिमेंटचा वास यायचा. त्या दिवशी दुपारी चारलाही धुक्यात समोरची इमारत दिसत नव्हती. माझ्या डायरीतली नोंद साधीच आहे: ‘सुनीतीवहिनींची हार्ड डिस्क. कनेक्टर खराब.’

वहिनी आमच्या वर, चौथ्या मजल्यावर राहत. त्यांचे यजमान हरीश महिन्यापूर्वी जयपूरच्या रस्त्यावर अपघातात गेले होते. दौऱ्यावर निघण्याआधी ते सहा वर्षांच्या तनयासाठी कॉम्प्युटरवर गोष्ट रेकॉर्ड करून ठेवत. ते गेल्यापासून पोरगी धड जेवत नव्हती. बाबांची गोष्ट लाव, हा एकच हट्ट. आणि नेमका तो कॉम्प्युटर बंद पडला होता.

“मीच घोळ केला, राजाभाऊ. ऑफिसातल्या एकाने फोनवर सांगितलं, केबल काढून परत लगा दो. जात नव्हती, म्हणून दाबली.”

“उलटी दाबलीत.”

“वाचेल ना? दुसरी प्रत नाहीये हो.”

मी सरकारी कचेरीतला माणूस. हे काम मासिकं वाचून शिकलो. घाई करत नाही. डिस्क खिडकीच्या उजेडात धरली. दोन पिना आडव्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. शिसं काढलेल्या पेन्सिलीचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवलं आणि केसाकेसाने ती सरळ केली. पाऊण तास लागला. केबल सुलटी बसवली. डिस्क घरघरली, पडद्यावर फाइली आल्या. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

स्पीकरमधून हरीशचा आवाज आला. उंटाची गोष्ट होती. मध्येच प्रश्न विचारून ते थांबत, तनयाने उत्तर द्यावं म्हणून.

“मग उंट कुठे लपला असेल?”

“टाकीच्या मागे!” तनया ओरडली.

“शाब्बास!”

वहिनी हसल्या. महिन्याभरात प्रथमच. मीही पेन्सिल खिशात ठेवली.

पुढच्या प्रश्नाला तनयाने उत्तर दिलंच नाही. स्पीकरला गाल लावून ती हळूच म्हणाली, “बाबा, माझा दात टूट गया.”

थोडा वेळ नुसती खरखर.

“कुठला? पुढचा?”

दात परवा पडला होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं.

“हो... पुढचा,” तनया म्हणाली.

“बघू. इथून दिसत नाही गं... बाल्कनीत ये. मी खालीच उभा आहे.”

तनया उठली. तिने बाल्कनीची कडी काढली. गार धुकं खोलीत शिरलं. कठड्याच्या खालच्या आडव्या गजावर तिने पाय ठेवला, तेव्हा मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरचं भिंतीतलं बटण बंद केलं. घरघर थांबत थांबत थांबली.

“का बंद केलंत?” वहिनी पुटपुटल्या. “बोलत होता तो तिच्याशी...”

“वहिनी, चौथा मजला आहे.”

“एकदा... एकदाच लावा, राजाभाऊ. मी धरून ठेवीन तिला.”

त्या दाराकडे बघत होत्या, मुलीकडे नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. एक पिन अजून ढिली आहे, घरी नेऊन पक्की करतो, असं सांगून मी डिस्क सोडवली आणि खाली आलो.

आमच्याकडे मी एकटाच होतो. मंडळी मयूर विहारला मेव्हण्याकडे गेली होती. खोलीचं दार लावलं, पडदा ओढला. इतक्या वर्षांत मी कुणाची वस्तू जाणूनबुजून बिघडवलेली नाही. त्या दिवशी पक्कड घेतली आणि दोन्ही पिना मुळापासून मोडल्या. मग शेजारच्या चार. मग सगळ्याच. डिस्क फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली. डायरीत लिहिलं: ‘कनेक्टर तुटला. उपाय नाही.’ डायरीत खोटं लिहिण्याची ती पहिलीच वेळ.

सकाळी तेच खोटं सांगायला वर गेलो. दार तनयाने उघडलं. मागे वहिनी उभ्या होत्या, डोळे रात्रभर जागल्यासारखे.

“वहिनी, फार प्रयत्न केला. पण पिना आपोआपच...”

“काका,” तनया माझा शर्ट ओढत म्हणाली, “बाबा विचारत होते, पिना मोडताना तुम्ही पडदा का ओढला होता?”