हातावर येणारे

अजगराने जीभ दोनदा बाहेर काढली, समोरच्या उंदराचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. उंदीर पळाला नाही. उलट तो आणखी जवळ गेला, अजगराच्या वेटोळ्यात शिरला आणि तिथे डोळे मिटून झोपला.

"एकोणसाठावा दिवस," डॉ. नर्गिस इनामदार म्हणाल्या. "अजून उपाशी."

काचपेटीच्या पलीकडे केंद्रप्रमुख तेजस घोरपडे नखं कुरतडत उभे होते. दाराजवळ शेवंता काकडे एका पायावर भार टाकून उभी होती, कारण दुसरा गुडघा सकाळपासून ठणकत होता. उंदीर ती सांभाळत असलेल्या तिसऱ्या खोलीतला होता, म्हणून तिला बोलावणं आलं होतं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात साहेबांनी बोलावलं आणि काही चांगलं झालं असं तिला आठवत नव्हतं.

शिरवळच्या पुढे माळावर उभं असलेलं हे उंदीर-पैदास केंद्र म्हणजे सापांचं स्वयंपाकघर. छोटे आफ्रिकी अजगर पाळायला परवाने मिळू लागले आणि पुण्या-मुंबईच्या सदनिकांमध्ये अजगरांची लाट आली. अजगर भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत. पण जेवणाच्या बाबतीत हा प्राणी लग्नातल्या वरपक्षापेक्षा वाईट. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर समोर ठेवला की महिना महिना उपास करायचा. शेवटी कुणीतरी त्याच्या मायदेशातल्या गवताळ रानात तो काय खातो ते पाहिलं आणि तिथले मऊ केसांचे करडे उंदीर आणून वाढवायला सुरुवात केली. मऊउंदीर एकदा चाखला की अजगर दुसऱ्या कशाकडे पाहत नाही. केंद्राची सगळी भरभराट या हट्टावर उभी होती.

आणि आता तेच अजगर तेच उंदीर नाकारत होते. दोन महिन्यांत तीनशेवर तक्रारी आल्या होत्या. बाणेरच्या एका गृहस्थांनी चलच्चित्रच पाठवलं होतं. त्यात अजगर उपाशी होता आणि उंदीर त्याच्या डोक्यावर बसून मिशा साफ करत होता.

"आजारी आहेत का उंदीर?" घोरपड्यांनी विचारलं.

"ठणठणीत आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या खोलीतले उंदीर अजगर मिटक्या मारत खातात. गोंधळ फक्त तिसऱ्या खोलीत आहे." डॉक्टरांनी एका पिशवीतून पहिल्या खोलीतला भुसा काढला. लांब चिमट्याने झोपलेल्या उंदराला अलगद बाहेर घेतलं, त्याच्या अंगाला तो भुसा चोळला आणि त्याला परत आत सोडलं. "आता पाहा."

अजगराची जीभ एकदाच बाहेर आली. पुढचं इतक्या झटक्यात झालं की शेवंताने मान फिरवायच्या आत संपलंसुद्धा होतं.

"उंदीर तोच, ऊबही तीच," डॉक्टर म्हणाल्या. "फरक फक्त वासाचा. भेदरणाऱ्या प्राण्याच्या रक्तात एक रस सतत झिरपत असतो. आपण त्याला भयरस म्हणू. तो घामात, मुतात, केसांत उतरतो. अजगर जिभेने तोच हुंगतो. माझ्या गंधमापकावर पहिल्या खोलीचा आकडा येतो ऐंशी आणि तिसऱ्या खोलीचा चार. तुमचे हे उंदीर भीती विसरलेत, घोरपडेसाहेब. अजगराच्या हिशेबी ते उंदीरच नाहीत. उबदार दगड आहेत."

"पण विसरले कसे?"

डॉक्टर शेवंताकडे वळल्या. आवाज चढवला नाही, तेवढ्यावरच शेवंताला त्या आवडल्या. "ताई, पैदाशीला कुठले ठेवायचे आणि खाद्यात कुठले पाठवायचे, हे तुम्ही कसं ठरवता?"

नियम भिंतीवरच चिकटवलेला होता. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की यंत्रातून सोडतीसारखी चिठ्ठी निघायची. चिठ्ठीतल्या क्रमांकांची आठ पिल्लं पैदाशीला, बाकीची पेटीत भरून रवाना. शेवंताने बारा वर्षांत ती चिठ्ठी किती काळ पाळली होती? पहिले दोन महिने.

"खोटं न्हाई बोलत मॅडम," ती म्हणाली. "पैदाशीचं जनावर वरीसभर दर आठवड्याला उचलून तोलावं लागतंय. चावरं असलं तर जाड हातमोजं घाला, मागच्या कोपऱ्यापातुर वाका, पकडा. माझी कंबर धरती. मग जे आपसूक हातावर येतंय, ते मी ठेवत गेले. जे मागं दडतंय, चावतंय, ते पेटीत घातलं. तेवढाच ताप कमी."

"दर वर्षाला चार पिढ्या," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "बारा वर्षांत अठ्ठेचाळीस. प्रत्येक पिढीतला भित्रा गेला, हातावर येणारा राहिला, त्याचीच पिल्लं झाली. लांडग्याचा कुत्रा करायला माणसाला हजारो वर्षं लागली, ताई. तुम्ही कंबरदुखीवर केलं."

घोरपडे हसले नाहीत. "पहिल्या-दुसऱ्या खोलीत असं का नाही झालं?"

"तिथे चिठ्ठी पाळतात. नव्या मुली असतात, नियमाला घाबरतात."

"हो, तिथल्या मुली सहा महिन्यांवर टिकत नाहीत," घोरपडे म्हणाले. मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि निर्णय सांगितला. तिसरी खोली रिकामी करायची. चारशे बारा उंदीर निद्रापेटीत. पेटीत वायू सोडला की दोन मिनिटांत सगळं शांत होतं. मग पहिल्या खोलीतून नवा वंश आणायचा, आणि इथून पुढे चावणारे, बुजणारे तेवढे मुद्दाम पैदाशीला ठेवायचे.

शेवंताला वाटलं, आता आपला नंबर. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, महिनाभर घरी बसायचं, पुन्हा नवा करार. गेली बारा वर्षं हेच. या दसऱ्याला कायम करतो असं साहेबांनी तोंडाने सांगितलं होतं. नवरा गेल्यापासून त्या एका कागदाच्या आशेवर ती गुडघे ओढत होती. एका चिठ्ठीपायी आता तो कागद जाणार होता.

पण साहेबांचा आवाज मऊ झाला. "घाबरू नका ताई. चूक झाली, सोडून देऊ. कायमचा कागद तयार आहे माझ्या टेबलावर. फक्त हे काम तुम्हीच करायचं. तुमच्या हातावर येतात ना ते, पटापट होईल. बारा वर्षांत तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत. म्हणून तर मी तुम्हाला ठेवलं."

शेवंता बरं म्हणाली. सवयच होती. मग ती तिसऱ्या खोलीत गेली आणि पहिला कप्पा उघडला.

हात आत घालायची गरजच पडली नाही. एक उंदीर तळव्यावर आला, मागोमाग दुसरा. त्यांचं वजन आणि ऊब तिला तोंडपाठ होती. हजारो उंदीर तिने याच हाताने पेटीत भरले होते आणि रात्री निवांत जेवली होती. दयामाया हा तिचा प्रांत नव्हता, तिला तेवढी उसंतच कुणी दिली नव्हती. पण आज साहेबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून तर मी तुम्हाला ठेवलं.

तिला इथे सोबत काम केलेली वैजयंता आठवली. भुशाची धूळ छातीत जाते, तोंडाला मुखपट्टी द्या म्हणाली होती. पुढचा करार झाला नाही. शाहीनने बाळंतपणाची रजा मागितली, तिचाही झाला नाही. उभं राहून पाय सुजतात, स्टूल द्या म्हणणारी ती लोणंदची पोरगी तर महिनाभरात गेली. शेवंताने धूळ खाल्ली, रजा मागितली नाही, उभी राहिली. दर अकरा महिन्यांनी ती आपणहून तळव्यावर येऊन बसली होती, आणि आपण कामात चोख आहोत म्हणून टिकलो असं तिला वाटत होतं. तिला स्वतःची अशी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

दारात डॉक्टर उभ्या होत्या.

"मॅडम, एक विचारू? हातावर येणारंच ठेवायचं, हे ठेवणाऱ्याला ठावं असतंय का?"

"नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला तरी कुठे होतं? त्याला फक्त सोयीचं वाटतं."

शेवंताने दोन्ही उंदीर परत कप्प्यात ठेवले. जिना चढून साहेबांच्या खोलीत गेली. टेबलावर तो कागद खरंच होता, वर तिचं नाव होतं, आणि नाव बरोबर लिहिलेलं होतं.

"साहेब, हे काम मी करणार न्हाई."

घोरपड्यांना आधी ऐकूच आलं नाही. मग ते म्हणाले, "तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय. करणार न्हाई."

घोरपड्यांनी कागद खणात टाकला आणि तावातावाने स्वतःच खाली उतरले. शेवंता आणि डॉक्टर काचेतून पाहत राहिल्या. त्यांनी कोपरापर्यंत जाड हातमोजे चढवले आणि कप्पा उघडला. पहिला उंदीर हातमोज्यावर चढला, त्यांनी तो पेटीत टाकला. दुसरा टाकला, तिसरा टाकला. चौथा मनगटावरून वर गेला, कोपराच्या बेचक्यात अंग दुमडून बसला आणि झोपी गेला. मागे कप्प्याच्या काठावर बाकीचे ओळीने येऊन थांबले होते. घोरपड्यांनी वाकून पेटीतले तिघं बाहेर काढले आणि कोपऱ्यातल्या उलट्या घमेल्यावर बसले.

"सुरुवातीला हात फक्त तुमचा होता," डॉक्टर शेवंताला म्हणाल्या. "पण त्यांना तुमचा काय, कुणाचाही हात सारखाच."

संध्याकाळच्या बसने शेवंता घरी गेली. करार संपायला चार महिने होते, पण दुसऱ्या दिवशी फाटकावर तिचं ओळखपत्र चाललं नाही. आपलं काय होणार हे नाही म्हणतानाच तिला माहीत होतं. चावणाऱ्यांच्या पेट्या तिनेच तर भरल्या होत्या. चावणारे पैदाशीला ठेवायचा नवा नियम उंदरांपुरता होता.

पहिला महिना जड गेला. वैजयंताने आपल्या पापडाच्या कामात तिला घेतलं. बसायला स्टूल होतं. लाटताना खांदा दुखायचा आणि ती तसं बोलून दाखवायची. वैजयंता म्हणायची, मग थांब जरा.

तिसऱ्या महिन्यात घोरपड्यांचा फोन आला. आवाज पार दमलेला होता.

"ताई, तिसऱ्या खोलीत सोळाशे झालेत."

"आत्ता! इतकं कसं?"

"नर-माद्या वेगळ्या करायला बाई ठेवली, तिने केल्या नाहीत. म्हणते, एकमेकांवाचून रडतात. मग निद्रापेटीला दुसरी ठेवली, ती दुपारीच गेली. उंदीर मारणारा ठेकेदार आणला साताऱ्याहून, तो दोन उंदीर खिशात घालून घेऊन गेला, मुलीला म्हणून. यंत्राचा हात मागवला, तर तो बसवणारा पोरगाच कळ दाबायला तयार नाही. साप खात नाहीत, माणसं मारत नाहीत. खाणं मात्र सोळाशे जणांचं लागतं." ते थांबले. "हे तुम्हीच करू शकता. तुमचा हात थरथरत नाही, मी पाहिलंय. या तुम्ही. कायमचा कागद सही करून ठेवलाय. मुखपट्टी देतो, स्टूल देतो."

साहेबांचं खरं होतं. तिचा हात थरथरला नसता. सोळाशे उंदीर तिने दुपारपर्यंत संपवले असते आणि संध्याकाळी कायम होऊन घरी आली असती. ज्या कागदासाठी बारा वर्षं गेली, तो फोनच्या पलीकडे तयार होता.

"न्हाई साहेब," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा ते म्हणायला पहिल्याइतकं जड गेलं नव्हतं. शेवंताने फोन ठेवला आणि गुडघ्याला तेल लावायला बसली.