घडीची सावली

"काका पुन्हा बाहेर निघाले! तिसऱ्यांदा!" अनीश कुजबुजला.

"हळू! त्यांच्याकडे बघू नकोस. बुटाची लेस बांधतोयस असं दाखव," इशिता म्हणाली.

"माझ्या बुटाला लेसच नाहीये, ताई!"

स्प्रिंग ब्रेक होता. आईबाबांना सुट्टी नव्हती, म्हणून अमेरिकेतल्या हर्नडन गावची ही दोघं भावंडं उल्कामावशीच्या ऑफिसात आली होती. मावशी अभिलेखागारात कामाला होती. एका माजी अध्यक्षांची पत्रं, डायऱ्या, फोटो, अगदी शाळेतली प्रगतिपुस्तकंसुद्धा तिथे राखाडी पेट्यांमध्ये जपून ठेवलेली होती. त्यांतलं एक पत्र गायब झाल्याचं आज सकाळी कळलं होतं!

अकरा वर्षांच्या एका मुलीनं युद्धाच्या दिवसांत अध्यक्षांना विचारलं होतं, 'माझा भाऊ लढाईवर आहे. तुम्हाला झोप लागते का?' मावशीनं फाइल उघडली तेव्हा आत त्याची नुसती रंगीत कॉपी होती.

"खरं पत्र पाकिटात घडी घालून आलं होतं," मावशीनं मुलांना दाखवलं होतं. "बाजूनं तिरका उजेड टाकला की घडीची सावली पडते. आणि हे बघा, सपाट! घडीच्या जागी नुसती छापलेली रेघ."

नोंदवहीत त्या फाइलपुढे शेवटची सही मावशीचीच होती. संचालक हॅलोरनसाहेबांनी घड्याळाकडे बघत सांगून टाकलं होतं, "पाचपर्यंत पत्र सापडलं नाही, तर मला वर कळवावं लागेल." मावशीचा व्हिसा या नोकरीवर अवलंबून होता. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. हे मुलांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. घरात दार लोटून चाललेल्या बोलण्यातून त्यांना ते कळलं होतं.

आणि इथे जुनी पत्रं वाचायला येणाऱ्या या परीक्षितकाकांना दर तासाला पार्किंगमध्ये कशाला जावं लागतं? म्हणे पुस्तक लिहितायत!

"टोटली सस्पिशियस," अनीश म्हणाला. दोघं दबकत काकांच्या गाडीपाशी गेली. काका पुढच्या सीटवर वाकून काहीतरी लपवत होते.

"काका, हातात काय आहे?" इशितानं एकदम विचारलं.

काका दचकले. मांडीवर भडंग सांडलं!

"अगं, केवढ्यानं ओरडतेस! आत खायला बंदी आहे ना. आणि ते पत्र मी नेलं असं वाटतंय का तुम्हाला? बाहेर पडताना माझी कोरी वहीसुद्धा पान पान उलटून बघतात, बाई!"

अनीशचे कान लाल झाले. इशिता मात्र जागीच थांबली.

"म्हणजे कागद बाहेर जाऊच शकत नाही. पत्र आतच आहे! अनीश, फाइलमध्ये कॉपी आहे. पण कॉपी खरं तर कुठे असायला हवी?"

"प्रदर्शनात... काचेच्या पेटीत! तिथे खरं पत्र नाही, कॉपीच ठेवतात, असं मावशी म्हणाली होती!"

दोघं धावतच प्रदर्शनाच्या दालनात शिरली. खिडकीपाशी काचेखाली ते पत्र होतं. खाली पाटी होती: 'प्रत'. कडक ऊन थेट त्याच्यावर पडत होतं. निळी शाई एका बाजूला फिकी पडली होती.

"काचेला हात लावू नका!" हॅलोरनसाहेब मागून गरजले. पाठोपाठ मावशीही आली.

"सर, ही पेटी कोणी लावली?" इशितानं विचारलं.

"मी, स्वतः. शनिवारी."

"मग फोनचा टॉर्च मारून बघू?"

"अजिबात नाही! उजेडानं जुनी शाई उडते."

"पण सर, ही तर प्रत आहे ना? प्रतीचं काय बिघडणार?"

हॅलोरनसाहेब वाकून पाटी पुन्हा वाचू लागले. इशितानं खिडकीचा पडदा ओढला. अनीशनं फोन काचेच्या कडेशी आडवा धरला. उजेड तिरका सरकला आणि कागदाच्या मधोमध एक बारीक काळी सावली उमटली.

"घडी!" मावशीचा आवाज चिरकला.

हॅलोरनसाहेब शेजारच्या बाकावर मटकन बसले. "दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी होते, माझ्याकडूनच अदलाबदल झाली," ते हळूच म्हणाले. "दोन मिनिटांचं तर काम, म्हणून मी वहीत सहीसुद्धा केली नाही. उल्का, तुझी काही चूक नव्हती. मी आत्ताच तसं लिहून देतो."

"अजून दोन दिवस ऊन लागलं असतं, तर तिचा प्रश्न कोणालाच वाचता आला नसता," मावशी म्हणाली. तिनं दोघांना असं घट्ट जवळ घेतलं की अनीशला "मावशी, श्वास!" म्हणावं लागलं.

मग हॅलोरनसाहेबांनी नोंदवही उघडली आणि शनिवारची राहिलेली सही केली. त्याखाली त्यांनी सावकाश लिहिलं: 'मूळ पत्र परत मिळाले. शोधणारे: इशिता आणि अनीश, हर्नडन.'

"ही वही कधी फेकतात?" अनीशनं विचारलं.

"कधीच नाही," हॅलोरनसाहेब म्हणाले. "शंभर वर्षांनी कोणी हे पत्र मागितलं, तर आधी तुमची नावं वाचेल. तेवढा मान तुमचा आहे, मुलांनो."